लालासाबचा निळा रंग

कबनूरच्या रंगखान्यात मी भट्टीला लाकूड घालायचो आणि लालासाब सूत रंगवायचा. ओल्या सुताच्या जड लड्या काठीवर पेलायच्या, उकळत्या हौदात फिरवायच्या, उचलायच्या, पुन्हा बुडवायच्या. काठी कलली की सूत डागाळतं. त्याची काठी कलत नसे. हात कोपरापर्यंत निळे. नमाजाआधी घासून घासून धुवायचा, पण निळे ते निळेच.

काम झालं की हौदाचं बूच काढून उरलेला रंग ओढ्याला सोडायचा. गेला तो आमच्या लेखी मेला.

अठ्ठ्याहत्तर साली कोल्हापूरच्या एका कॉलेजातल्या देशिंगकर बाई आल्या. कारखान्यात बनलेलं, आमच्या रंगासारखं रसायन डब्यातून निघाल्यापासून शेवटपर्यंत कुठं कुठं जातं, ते शोधायला सरकारनं पैसा दिला होता. अट एकच. कोल्हापूर आणि पुणे अशा दोन प्रयोगशाळांनी मिळून काम करायचं, आणि एकाच पाण्याचा निकाल दोन्हीकडं सारखा यायला हवा. नाही जुळला तर पुढच्या वर्षी पैसा बंद.

पाणी भरायचं काम लालासाबनं मागून घेतलं. त्याच्या घरामागं विहीर होती आणि ओढा तिला लागूनच जायचा. त्याची बायको मदिना विचारायची, "तुमचा रंग आपल्या पाण्यात तर न्हाय ना उतरत?" त्याला सांगता येत नसे. विहिरीचं पाणी तपासायची पाळी दुसऱ्या वर्षी होती. पैसा थांबला की तीही राहणार.

हौद, गटार, ओढा, ओढ्याकाठची शेतं. प्रत्येक ठिकाणी एका बादलीतून दोन बाटल्या भरायच्या, एक कोल्हापूरला, एक पुण्याला. सुट्टीच्या दिवशी, चिखल तुडवत. सोबतीला मी. त्यानं एक जागा कधी चुकवली नाही.

दिवाळीच्या सुमारास बाई आल्या त्या उतरल्या चेहऱ्यानं. पुण्याला पाठवलेल्या पाण्यात रंग दर खेपेला कमी भरत होता.

"लालासाब, दोन्ही बाटल्या एकाच बादलीतल्या ना?"

"व्हय की. खोटं कशाला बोलू?"

"मग पुण्याच्या बाटलीला वेगळं काही करता का?"

"काय न्हाय. तेवढी गाळून घेतो."

"गाळून?"

"लांबच्या पावण्यास्नी गढूळ पाणी धाडायचं व्हय बाई? गावाची अब्रू हाय की! पटक्याची चौपदरी घडी करून गाळतो."

बाईंनी पटका बघायला मागितला. लालासाबनं डोक्याचा पटका काढला, उलगडला. मधोमध निळा डाग होता.

"घ्या," मी म्हणालो, "जल्मभर सुताला रंग पाजला, आन् पाणी गाळाय सूतच घेतलंस!"

"गप रं केरबा." त्यानं पटका चोळामोळा केला. "माझ्यापायी समद्यांचं बुडालं."

"चूक आमची," बाई म्हणाल्या. "गाळू नका, हे आम्हीच सांगायला हवं होतं. पण आता सगळं पुन्हा भरावं लागेल. वेळ थोडा आहे."

"उद्या उजाडताच निघतो. बाटली भाईरनं तरी पुसू का?"

"पुसा," म्हणून बाई हसल्या.

आम्ही सगळी वाट पुन्हा चाललो. या खेपेला निकाल जुळले आणि पैसा चालू राहिला.

विहिरीची पाळी आली तेव्हा बाईंनी आम्हाला कॉलेजात बोलावलं. विहिरीचं पाणी आटवून आटवून त्याचा एक थेंब कागदाच्या पट्टीवर ठेवला होता. शेजारी आमच्या हौदातल्या रंगाचा थेंब. रंग एकच असेल तर दोन्ही सारख्याच उंचीवर चढतील, असं बाई म्हणाल्या. पट्टीची खालची कड काचेच्या भांड्यातल्या औषधात टेकवली. ओल वर चढू लागली. हौदाचा निळा तिच्याबरोबर निघाला. विहिरीच्या थेंबाकडं बराच वेळ काही दिसेना. मग धुरासारखी एक फिकट निळी रेघ उमटली, हळूहळू चढत गेली आणि पहिल्या निळ्याच्या बरोबरीला येऊन थांबली.

 

लालासाब काचेला नाक लावून बघत होता.

"माझाच हाय," तो म्हणाला. "केवढ्या मातीतनं चालत आलाय! आन् अजून निळाच."

घरी जाऊन त्यानं मदिनाला खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पिण्याचं पाणी गावातल्या नळावरून आणायचं ठरलं. नळ लांब होता. दिवसभर लड्या उचलून आल्यावर घागर तो स्वतः खांद्यावर घ्यायचा. मदिना आडवी आली तर म्हणायचा, "सर बाजूला. रंग माझा हाय."