मागच्या खोलीतली भेग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्या दिवशी सांगायला हवं होतं, त्या दिवशी मी तिलाही खोटंच सांगितलं. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही — एवढी सोय पुरे.

मी लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचो. समारंभांची टिंगल करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. भूकंपानंतर घरांच्या चाव्या वाटण्याचे कार्यक्रम झाले, तेव्हा चावीपेक्षा हार मोठा आणि हारापेक्षा भाषण मोठं, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो. मग ट्यूशनचे दिवस आले. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागले. एकच पोरगा तीन-तीन क्लासच्या फलकांवर हसू लागला. त्यावरही मी बोलायचो. ढोंग मला लांबून ओळखता येतं, असा माझा समज होता. फक्त लांबूनच येतं, हे नंतर कळलं.

आमच्या घरामागे एक खोली होती. विटांची भिंत, वर स्लॅब, दारात नळ. भूकंपानंतर तिथे महादेवी राहायला आली — तिचा नवरा शिवलिंग आणि अजून अंगठा चोखणारी राजश्री यांच्यासह. गावाकडचं त्यांचं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जाड छत. त्या मातीखाली तिची सासू गेली, थोरला मुलगा गेला. घर दिराच्या नावावर, म्हणून नवं घरही दिरालाच मिळालं. शिवलिंगला इकडे डाळमिलमध्ये काम लागलं. भाडं मी अगदी थोडं ठेवलं. हे मी खरंच केलं — आणि गल्लीला कळेल असं केलं.

पहिले कित्येक महिने ते तिघं खोलीत झोपलेच नाहीत. सामान आत, माणसं अंगणात. थंडीतसुद्धा. महादेवी स्वयंपाक करायची तीही दार सताड उघडं ठेवून, आणि मध्येच उठून भिंतीवर तळहात ठेवायची — ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी तिला समजावलं. विटा, सिमेंट, पाया; भिंत कशाच्या जोरावर उभी असते ते सगळं. वर्गात कधी इतक्या मनापासून शिकवलं नसेल. एक दिवस तिने अंथरुणं आत घेतली. माझ्या बायकोने विचारलं तर म्हणाली, "सर म्हणले न्हाई पडत, मंग न्हाई पडत."

मग त्या खोलीत जे घडलं, ते चावीवाटपाच्या कुठल्या भाषणात मी ऐकलेलं नाही. छत गळत नाही म्हटल्यावर तिने शिलाई मशीन घेतलं. गल्लीतली ब्लाउजं तिच्याकडे यायला लागली. रात्रीची झोप मिळायला लागली तसा शिवलिंग मिलमध्ये डोळे मिटत बसेनासा झाला. त्याला कायम करून घेतलं. शाळा दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे राजश्रीचा अभ्यास कधी तुटला नाही. गणितात तर ती वर्गात पुढे. वह्या घेऊन माझ्याकडे यायची. नववीतलं गणित मला येत नाही हे लक्षात आल्यावर, मला अवघडायला नको म्हणून, ती इतिहासाचे प्रश्न विचारायला लागली.

मी इथेच थांबलो तर तुम्ही मला भला माणूस म्हणाल — नाही का? गल्ली म्हणतच होती.

त्याच सुमारास घराघरांत भाड्याच्या खाटा पडल्या. जळकोट, हिमायतनगर, कुठकुठली पोरं ट्यूशनला यायची, आणि आमच्या मागच्या खोलीएवढ्या खोलीत चार खाटा मावायच्या. शेजाऱ्याने वरचा मजला चढवला. मी माझी खोली नुसती डोळ्यांनी मोजत राहिलो. महादेवीला 'भाडं वाढव' म्हणायला तोंड नव्हतं. 'खोली सोड' म्हटलं असतं तर माझ्या चांगुलपणाचं काय? मला खाटाही हव्या होत्या आणि तोही.

खोलीच्या कोपऱ्यात गिलाव्याला केसाएवढी भेग होती. घर बांधलं तेव्हापासूनची — भूकंपाच्याही आधीची. मी महादेवीला बोलावलं, भेगेवर बोट ठेवलं आणि म्हणालो, इंजिनिअरला दाखवली. भिंत धोक्याची आहे म्हणतो.

कुठलाही इंजिनिअर आला नव्हता. तिला कशाची भीती वाटते, हे लातुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिने भिंतीकडे हात नेला आणि अर्ध्यातूनच मागे घेतला. राजश्री मशीनखालच्या चिंध्या वेचत होती; तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. जाताना माझ्या बायकोला म्हणाली, "वैनी, तुमीबी पुढल्या खोलीत झोपा बरं. सरांचं ऐकू नका, ते लई धीट हायेत." बायकोने पलंग पुढे ओढून घेतला. मीही तिथेच झोपलो — न पडणाऱ्या भिंतीला घाबरून.

ते गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये गेले. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हे तिचं म्हणणं.

काही आठवड्यांनी ती बायकोचा शिवून झालेला ब्लाउज द्यायला आली. बायको बाहेर गेली होती. मागच्या खोलीच्या खिडकीतून तिला खाटांवर पोरं दिसली आणि ती ओरडलीच, "ए पोरांनो, भायेर निघा! भिंत पडायलीय!"

"मावशी, काल तर खिळा ठोकलाव," एक पोरगा हसला. "खिळा वाकला, पण भिंत न्हाई हालली."

मी बाहेर आलो. म्हणालो, दुरुस्त करून घेतली.

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मंग आमाला कामून न्हाई बोलिवलं, सर?"

मी म्हणालो, पोरांना आधीच शब्द दिला होता. ती कोपऱ्याकडे बघत होती. मी रंग दिला होता, भेग बुजवायचे कष्टही घेतले नव्हते. नव्या रंगात ती होती तशीच दिसत होती, केसाएवढी.

"न्हाई पडत म्हणलात तवा खरं धरलं," ती म्हणाली. "पडती म्हणलात तवाबी खरंच धरलं." ब्लाउज माझ्या हातात दिला आणि गेली.

शेडपासून शाळा लांब, रस्ता सुनसान. राजश्री दहावीला बसली नाही. आईबरोबर डाळ निवडायला जाते, असं दूधवाल्याने सांगितलं. त्या वर्षी भूकंपाच्या स्मृतिदिनाला मी कॉलेजात निवाऱ्याच्या हक्कावर बोललो. टाळ्या पडल्या. मी त्या घेतल्या.

शेड कुठे आहे हे मला माहीत होतं. सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. परीक्षा संपल्या, पोरं गावी गेली, आणि उन्हाळाभर ती खोली रिकामी होती. तेव्हाही मी गेलो नाही.