आता तुमची पाळी

दूर कुठल्याशा देशात भूकंप झाला, हजारो माणसं गाडली गेली, आणि बुऱ्हाणपुरात मोतीराम पाटील मिटक्या मारत म्हणाला, "देवानं बरोबर हाणलं त्यांना!" मोतीराम केळीचा बडा बागायतदार, गणेश मंडळाचा अध्यक्ष, आणि बोलायचा असा की देवानं त्याला वकीलपत्रच दिलंय.

राजघाटाकडे राहणाऱ्या वैजयंतीबाईंना तो मंडळात व्याख्यानाला बोलवायला आला. बाईंनी उभी हयात कॉलेजात इतिहास शिकवलेला.

"मॅडम, देव देशांना कशी सजा देतो, त्यावर बोला. पब्लिकला आवडते."

"बोलते की," बाई म्हणाल्या.

मंडपात त्यांनी यहुद्यांच्या एका जुन्या संदेष्ट्याची गोष्ट काढली. मेंढरं राखणारा गडी. भर सणात देवळापाशी उभा राहून तो शेजारच्या एकेका राज्याचं नाव घेई. यांनी गर्भार बायांची पोटं फाडली, देव यांना सोडणार नाही. त्यांनी गावंच्या गावं गुलाम म्हणून विकली, त्यांनाही नाही.

दर नावाला मंडपात टाळी पडू लागली. मोतीरामनं तर मांडीवर थाप मारली. कधीच माती झालेल्या लोकांच्या शिक्षेनंही यांना गुदगुल्या होत होत्या! बाईंना त्या चेहऱ्यांची किळस आली.

"तिथले लोकही असेच खूश झाले होते," त्या म्हणाल्या. "मग तो त्यांच्याकडेच वळला. आता तुमची पाळी. गरिबाला पायताणाच्या मोलानं विकता आणि सणाला वाद्यं वाजवता? देवानं तुम्हाला जवळ केलं, म्हणून तुमचा झाडा आधी! शेजाऱ्याला बडवून तो तुमचे लाड करत नसतो."

टाळ्या थांबल्या. बाई थांबल्या नाहीत.

"उन्हाळ्यात केळीच्या घडांवर बसवून आणलेली मजूर पोर कुसुम ट्रॉली उलटून मेली. ट्रॉली कोणाची, इथे सगळ्यांना ठाऊक. पोलिसांत मात्र 'अज्ञात वाहन'. तेव्हा नाही कोणाला देव आठवला?"

मोतीराम ताडकन उठला. "मॅडम, आप भटक गये! गावातलं कशाले काढता?"

माइक बंद पडला. लगोलग आरती सुरू झाली, नेहमीपेक्षा दुप्पट आवाजात.

रात्रीतच गल्लीत बातमी फिरली की मॅडम परक्या धर्माच्या नादी लागून बाटल्या. बाई खदखदून हसल्या. पण सकाळीच दारात मालूबाई उभी राहिली, कुसुमची आई, तेव्हा त्यांचं हसू मावळलं.

"भरल्या मांडवात माझ्या पोरीचं नाव घेतलं तुम्ही," मालूबाई म्हणाली. "आता ठाण्यात पण घ्या."

मंडपात बोलणं सोपं होतं. तरी त्यांनी चपला घातल्या. ठाण्यात हवालदार जांभया देत राहिला. त्या दोघी उठल्या नाहीत. दुपारी ट्रॉलीवरच्या आणखी दोन मजुरणी आल्या आणि त्यांनी मालकाचं नाव सांगितलं. तेव्हा कुठे लिहून घेतलं गेलं.

आता तारखा पडतात. मोतीराम कडक इस्त्रीत, पाच-पंचवीस माणसं घेऊन येतो आणि कोर्टाच्या आवारात मोठ्यानं देवाचं नाव घेतो. बाकावर वैजयंतीबाई मालूबाईशेजारी बसतात. त्याच्याकडे बघतही नाहीत.