काकांचे हात

प्रचाराला निघाले की मी दारातच बोलते आणि पुढच्या घराकडे वळते. काल औद्योगिक वसाहतीमागच्या चाळीत मात्र सुतारकाकांनी बसवून घेतलं. ते पंचवीस वर्षं पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर आहेत.

"ताई, आमचं काम परदेशी चाललंय. तुमचे उमेदवार काय करणार?"

"कंपनीशी बोलतील," मी पाठ केलेलं उत्तर दिलं.

"बोलू द्या. आधी हे बघा." काकांनी मोबाइल पुढे केला.

तिकडच्या लोकांना शिकवायला कंपनीने काकांच्या हातांचा व्हिडिओ काढला होता. आता तिकडून एका बाईच्या हातांचा आला होता. ते हात हुबेहूब काकांसारखे चालत होते. पत्रा ठेवण्याआधी दर वेळी मशीनला शिवून वर, कॅमेऱ्याबाहेर जात होते.

"ही काय करतेय?"

"नमस्कार. मी सकाळी एकदाच करतो, मशीन बंद असताना. तेही व्हिडिओत आलं. तिला वाटलं, कामातच आहे."

"देवसुद्धा नेला मेल्यांनी!" काकू आतून हसल्या.

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. माणूस इथे खुर्चीत बसलेला आणि त्याच्या सवयी तिकडे कामाला लागलेल्या. कामाची सवय कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो, हे कॅमेऱ्याला कसं कळावं? मला तरी कुठे सांगता आलं असतं?

"मला तिच्या चुका कंपनीला कळवायच्यात," काका म्हणाले. " ती नीट शिकली की मी घरी."

"मग कळवू नका," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "चालू मशीनला हात लावतेय, ताई. बोटं जातील पोरीची."