ताईआत्याचं कॉलेज

कुणाच्याही नव्या घरी गेली की ताईआत्या आधी तांब्याभर पाणी मागायची. यजमानांना वाटायचं, उन्हातून आल्यात, तहान लागली असेल. ती तांब्या घेऊन सरळ अंगणात जायची, फरशीवर पाणी ओतायची आणि ते कुठल्या बाजूला धावतंय ते वाकून बघत राहायची. माझ्या मामाच्या बंगल्याच्या वास्तुशांतीलाही तिनं हेच केलं. पाणी वळसा घेऊन थेट हॉलच्या दाराशी गेलं. ‘‘वहिनी, तुमचा उतार उलटा आहे हो,’’ ती सगळ्यांसमोर मामीला म्हणाली. मामी त्या दिवशी पुन्हा तिच्याशी बोलली नाही. पावसाळ्यात हॉलमधला गालिचा भिजला, तेव्हा मात्र मामाचाच फोन आला, ‘‘ताईजी, कारीगरला जरा समजावायला येता का?’’

ताईआत्या ही बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. इंदूरच्या एका सरकारी कचेरीत हिशेब विभागात तिची सगळी नोकरी झाली आणि ती कायम आमच्याबरोबरच राहिली. तरुणपणी तिला आर्किटेक्ट व्हायचं होतं, पण त्यासाठी बाहेरगावी जावं लागलं असतं आणि मुलीला बाहेरगावी ठेवायला आजोबा तयार नव्हते. हे आम्हाला ठाऊक होतं, पण ती स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसे. निवृत्त झाल्यावर काही महिन्यांनी, एका सकाळी पोहे खाताना तिनं जाहीर केलं, की तिनं लँडस्केप आर्किटेक्चरच्या एका दूरशिक्षण अभ्यासक्रमाला नाव घातलंय. संस्था दक्षिणेत, वर्ग कॉम्प्युटरवर.

‘‘ताई, या वयात?’’ बाबा म्हणाले.

‘‘मग कुठल्या वयात? ते तर निघून गेलं,’’ ती म्हणाली आणि पोह्यांवर आणखी शेव घेतली.

यातून आपण आर्किटेक्ट होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. जो विचारेल त्याला ती स्वच्छ सांगायची, ‘‘बोर्ड नाही लावायचा मला. शिकायचंय.’’ पण शिकायचं म्हणजे रीतसर. वर्ग संध्याकाळी असायचा. त्याआधी ती इस्त्रीची साडी नेसायची, वेणी पुन्हा घालायची आणि जेवणाच्या टेबलाशी ताठ बसायची. ‘‘कॅमेऱ्यात नुसतं तोंड दिसतं, आत्या,’’ मी एकदा म्हटलं. ‘‘वर्ग आहे तो,’’ ती म्हणाली, ‘‘घरात भरला म्हणून काय झालं?’’ शिकवणारे सर तिच्या निम्म्या वयाचे. ते तिला ‘मॅम’ म्हणायचे आणि ती त्यांना ‘सर’. त्यांचं इंग्रजी भराभर असायचं. एखादा शब्द अडला की ती बेधडक हात वर करायची, ‘‘सर, ये वाला फिर से.’’ बाकी विद्यार्थी लाजून गप्प बसत. पुढेपुढे तेच तिला आधी निरोप पाठवू लागले, की आंटी, अमुक तुम्हीच विचारा ना.

तिच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी मी पुण्याहून परत आले होते. नोकरी गेली होती आणि ठरलेलं लग्न त्याच सुमारास मोडलं होतं. घरी सगळे माझ्याशी फार जपून बोलायचे. आई दाराबाहेर चहा ठेवून जायची. मी खोलीचे पडदे ओढून पडून असायची. एका सकाळी ताईआत्यानं दार ढकललं. ‘‘काय करून राहिली आहेस?’’

‘‘काही नाही.’’

‘‘मग चल. टेप धरायला माणूस पाहिजे मला.’’

सियागंजच्या बाजारातून आणलेली लांब टेप तिच्या हातात होती. माझं काय झालं, पुढे काय करणार, हे तिनं तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. त्या सकाळी आम्ही कॉलनीतल्या मोकळ्या मैदानाची मोजणी केली. नकाशात त्या जागेला ‘बगीचा’ म्हणत, पण प्रत्यक्षात तिथे एक जुना कडुलिंब, एक बंद पडलेला हातपंप आणि कशाही उभ्या केलेल्या गाड्या होत्या. ताईआत्यानं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तीच जागा निवडली होती.

मला वाटलं, मोजणी झाली की काम संपलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं मला पुन्हा नेलं आणि कडुलिंबाखाली बसवलं. ‘‘झाडं मग. आधी माणसं बघ.’’ मग आम्ही रोज तेच करू लागलो. देवळातून येणाऱ्या बायका उभ्याउभ्याच बोलतात आणि पाय दुखले की निघतात. मुलं क्रिकेट खेळताना कुठल्या गाडीला घाबरतात. वॉकर घेऊन फिरणारे सोनीजी फाटकापर्यंत येतात, आत खड्डे बघतात आणि परत फिरतात. महिन्याभरानं माझ्या लक्षात आलं, की सकाळी आपण ताईआत्याच्या आधी चपला घालून उभ्या असतो.

नकाशे काढायची वेळ आली तेव्हा तिचा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. दोन दिवस तिनं नकाशाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी टेबलाशी बसली, पण पेन्सिलीची रेष सरळ येईना. मला राहवलं नाही. ‘‘आत्या, तू सांग, मी कॉम्प्युटरवर काढून देते.’’

‘‘तू काढलंस तर मार्क तुझे. मग मी काय शिकले?’’ ती म्हणाली. थोड्या वेळानं मात्र तिनं विचारलं, ‘‘ते कॉम्प्युटरवरचं मला शिकवशील?’’

ते सॉफ्टवेअर मलाही धड येत नव्हतं. दिवसा मी शिकायची आणि संध्याकाळी तिला शिकवायची. माउसही तिच्या हातात थरथरायचा. मग आम्हाला कळलं, की लांबी आणि कोन आकड्यांत टाकले तरी रेष निघते. जन्मभर हिशेब केलेली बाई ती! आकड्यांच्या कळांवर तिची बोटं अजून बिनचूक पडत होती. पहिली भिंत पडद्यावर सरळ उमटली, तेव्हा ती खुर्चीत मागे रेलून हसली. ‘‘हात हलतोय तर हलू दे. रेष कुठे हलतेय?’’

प्रकल्प अर्ध्यावर आला असताना रहवासी संघानं ठरवलं, की मैदानात सगळीकडे सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवायचे, पार्किंग करायचं आणि कडुलिंब मध्ये येतो म्हणून काढून टाकायचा. बाबा म्हणाले, ‘‘ताई, जाऊ दे. तुझा प्रकल्प कागदावरच तर आहे.’’ तिनं अध्यक्षांना फोन करून सांगितलं, की बैठक घ्या, पण दुपारी आणि मैदानातच.

मे महिना होता. लोक कुरकुरत आले. ताईआत्यानं सगळ्यांना फाटकाजवळच्या सिमेंटच्या पट्ट्यावर, भर उन्हात उभं केलं आणि सावकाश बोलायला सुरुवात केली. संघाचं कौतुक, कॉलनीची जुनी आठवण, मग आणखी एक आठवण. थोड्याच वेळात एकेक माणूस सरकू लागला. शेवटी अध्यक्षही रुमालानं मान पुसत कडुलिंबाखाली गेले. सिमेंटवर ती एकटी उरली. ‘‘भिया,’’ ती तिथूनच अध्यक्षांना इंदुरी ढंगात म्हणाली, ‘‘सब तो उसी के नीचे खड़े हो. अब बताओ, काटना क्या है?’’

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. पण अध्यक्षांनी विचारलं, ‘‘आंटीजी, बात सही है, पर गाड़ियाँ कहाँ जाएँगी?’’ ताईआत्याच्या नकाशात गाड्यांना जागाच नव्हती. ‘‘ये गलती मेरी है,’’ ती म्हणाली, ‘‘आठ दिन दो.’’ आम्ही दोघी पुन्हा टेबलाशी बसलो. तिनं एक कड गाड्यांना दिली. तिथे जाळीचे पेव्हर, म्हणजे पाणी जमिनीत मुरेल. आणि फाटकापासून झाडापर्यंत एक सपाट वाट, सोनीजींच्या वॉकरएवढी रुंद, झाडाखाली बसायला बाक. संघानं तो नकाशा मंजूर केला आणि पुढे तसं कामही करून घेतलं. तोंडी परीक्षेत सर म्हणाले, ‘‘मॅम, पहिल्यापेक्षा हे खूप चांगलं झालंय.’’ ती म्हणाली, ‘‘सर, मोहल्ल्यानं तपासून दिलंय.’’

ती पास झाली. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, याची चुटपुट तिला आठवडाभर होती. तिनं घरी जिलबी मागवली आणि पहिला तुकडा मला भरवत म्हणाली, ‘‘आता तू काय शिकणार?’’ तोवर मी एका बागा आखणाऱ्या ऑफिसात अर्ज केला होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्या क्षणी तिला सांगितलं. आज मी तिथेच काम करते.

पुढच्या दोन वर्षांत आजार तिच्या पायांत उतरला. मी तिला चाकाच्या खुर्चीतून मैदानात न्यायची. तिथे पोचलं की तिला कडुलिंबाखालच्या बाकावर बसायचं असे, खुर्चीत नव्हे. एकदा आम्ही अशाच बसलो होतो. कॉलनीत नव्यानं राहायला आलेली एक मुलगी बाळाला घेऊन आली. बाक भरलेला बघून ताईआत्याला म्हणाली, ‘‘आंटी, थोड़ा सरकिए ना, इधर छाया है.’’ मला राग आला. ही जागा कुणी केली ते तिला सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ताईआत्यानं माझा हात दाबला. मग बाकाची कड धरून, कष्टानं, ती थोडी सरकली. मुलगी बसली, बाळाला मांडीवर घेतलं आणि फोनवर बोलू लागली.

घरी परतताना ताईआत्या खुशीत होती. ‘‘बघितलंस? तिनं मला सरकवलं.’’

‘‘तिला माहीत नाही, आत्या.’’

‘‘तेच तर!’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे जागा तिची झाली.’’

त्या हिवाळ्यात ती गेली. तेराव्याला संघाचे लोक आले, मैदानाला तिच्या नावाची पाटी लावू म्हणाले. बाबा हो म्हणणार होते. मी नको म्हटलं. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. पण आता कुठलीही बाग आखून झाली आणि मालक विचारू लागला, की मॅडम, तुमच्या ऑफिसचं नाव कुठे लिहायचं, तर मी सांगते, कुठेच नको, तिथे एक बाक ठेवा.