योहानभाऊची गाठ

योहानभाऊ गेल्याचा निरोप घेऊन मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे प्रमुख, थोमासराव यांच्याकडे गेलो, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घंटा तर वाजवली नाही ना?" ज्याचं नाव मंडळीच्या यादीतून कापलंय, त्याच्यासाठी प्रार्थनागृहाची घंटा वाजू नये, एवढीच त्या गृहस्थाला काळजी. घंटा वाजली नाही. प्रार्थनागृहाची किल्ली मात्र माझ्या खिशात होती...

योहानभाऊ माझा मावसभाऊ. आमची माणसं नागपूरकडची, रेल्वेतली. भिलाईत कारखाना उभा राहू लागला तेव्हा आम्ही दोघं इथं आलो. मी कचेरीत कारकून झालो, तो रिगर. दोर बांधून उंच चिमण्यांवर लोखंड चढवायचं, हे त्याचं काम. प्रार्थनागृहाची घंटाही त्यानंच टांगली आणि गाठ मारून झाल्यावर स्वतः दोराला लोंबकळला. मी ओरडलो, "अरे, पडशील!" तो वरून हसला. "कावून पडीन? मी किती बी हेलकावे खाल्ले तरी गाठ सुटत नाई. ते लोंबकळणाऱ्याच्या हातात नसते बाबू, बांधणाऱ्याच्या हातात असते."

मग विश्वकर्मापूजेचा दिवस आला. चिमणीवर चढण्याआधी त्याच्या टोळीनं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा योहानभाऊच्याही हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला. आठवड्याच्या आत थोमासरावांपर्यंत बातमी पोचली. दिवसभर पंख्याखाली फायली सरकवणारा हा हेडक्लार्क. स्वर्गाची फाईलही आपल्याच टेबलावरून पुढं जाते, अशी त्याची पक्की समजूत. मूर्तीपुढचा प्रसाद खाल्ला म्हणून त्यानं सगळ्यांसमोर निकाल दिला, "याचं तारण गेलं, याला आता मुक्ती नाही. सर्वांपुढं पश्चात्ताप करील तर पाहू." म्हणजे क्रुसावरच्या खिळ्यांनी जोडलेलं खोबऱ्यानं तुटलं! योहानभाऊ उभा राहून एवढंच म्हणाला, "चिमणीवर माह्या दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात हाये, त्याच्या हातचं खोबरं नाई म्हनू? याचा काय पश्चात्ताप करू?" एवढे आत्मिक म्हणवणारे आम्ही, शेवटचं गीत गाऊन घरी गेलो. मंडळीचा चिटणीस मीच. यादीतलं त्याचं नाव मी कापलं, पट्टी लावून, सरळ रेघेत.

त्यानंतर कित्येक वर्षं तो दर रविवारी यायचा आणि मागच्या बाकावर बसायचा. प्रभुभोजनाचा प्याला त्याच्या बाकापाशी आला की थोमासराव तो असा वळवायचे, जणू तिथं कुणी बसलेलंच नाही. हा माणूस जिद्दीनं येतो, असं मला वाटायचं. ती जिद्द नव्हती, भीती होती, हे कळलं तेव्हा तो छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. मार्थावहिनी पाणी आणायला आत गेल्या तसा त्यानं माझा हात धरला. "तुले तर सारं वाचता येते. खरं सांग... माह्यं तारण सुटलं का रे?"

एका शब्दाचं काम होतं. आणि मी शहाणा म्हणालो, "मंडळी विचार करून राहिली." त्यानं हात सोडला. चौथ्या दिवशी तो गेला. थोमासरावांचा मला तिटकारा आहेच, पण त्यांची त्यांच्या मूर्खपणावर निदान श्रद्धा तरी होती. मला तेवढंही निमित्त नव्हतं.

गेल्या रविवारी थोमासरावांना नवी उपरती झाली. भ्रष्ट माणसाच्या हातची गाठ देवाच्या घरात नको! मला शिडीवर चढवलं. मी नखं लावली, सळई घातली. एवढ्या वर्षांच्या ओढीनं ती गाठ आवळून दगड झाली होती. हात लावताच तो लोंबकळून हसणारा योहानभाऊ आठवला, गाठ बांधणाऱ्याच्या हातात असते हे त्याचे शब्द आठवले, आणि डोळ्यांपुढचं दिसेना. त्याचा प्रश्न त्यानं स्वतःच केव्हाचा सोडवून ठेवला होता. मला फक्त त्याचेच शब्द त्याला परत द्यायचे होते...

"सुटली का?" खालून थोमासराव ओरडले.

"नाई सुटत," मी म्हणालो.

योहानभाऊला द्यायचं उत्तर मी शेवटी दिलं, ते या माणसाला.