भातावरची पंगानी

सई, ईशान, तुमच्या शाळेने पंगानी नदीवर प्रकल्प दिला आणि तुम्ही मला विचारता, “आजी, तू हे नाव तरी ऐकलंयस का?” ऐकलंय म्हणजे काय! या नदीने माझ्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं उच्छाद मांडला होता. म्हणून आजच लिहायला बसले.

ती घरात आणली तुमच्या आजोबांच्या चुलतभावाने, दत्ताभाऊजींनी. ते टांझानियात, याच नदीवर, पाटबंधाऱ्यांच्या कामावर होते. आपल्या गावी, झरीला परतून शेती करू लागले, पण पानावर बसले की मन तिकडेच. भाताचा डोंगर रचायचे. “ह्यो किलिमांजारो.” त्यावर वरण ओतून बोटाने पाट काढायचे. “डोंगरावरचे लोक असे पाट काढून केळी भिजवतेत. खाली ऊस, भात. मग धरण, वीज. मग समुद्र.” समुद्र म्हणजे माझा पापड. वरण तिथवर कधी पोचत नसे. “बघा वहिनी, वरच्यांनी सगळं पिलं. नदी दमली की समुद्राचं खारं पाणी आत शिरतंय, आन् नारळ मरतेत.”

“भाऊजी, जेवा. वरण गार झालं.”

“नदी गारच असती!”

रोज हेच.

एका वर्षी पाऊस कमी झाला. कालव्याला पाण्याची एकच पाळी सुटणार होती. कालव्यातून शेतांकडे पाणी नेणाऱ्या आमच्या चारीवर पहिलं शेत आपलं, शेवटचं सरूबाईचं. तिच्यापर्यंत दरवर्षी फक्त चिखल पोचायचा. पाणी संस्थेचे अध्यक्ष भाऊजी. अक्षर चांगलं म्हणून पाळीची यादी माझ्याकडे. मी पट्टीने रेघा मारून ती लिहिली, आपलं नाव सर्वांत वर.

बैठकीत भाऊजींनी ती पाहिली. “अक्षर लय नामी, वहिनी. फकस्त कागद उलटा धरलाय तुमी.” आणि खालून वाचायला लागले. सरूबाई पहिली, आपण शेवटचे!

“दत्ता, आपली मोसंबी वाळंल की!” आजोबा ओरडले.

“अर्धी बाग माझी बी हाय, दादा. पण वर बसून सरूबाईला चिखल पाजायचं मला जमायचं न्हाई.”

आपल्या बागेत पाणी आलं ते बोटभर धारेनं. निम्मी झाडं गेली. आजोबांनी अबोला धरला, तरी भाऊजी वेळेवर जेवायला हजर. मी रागाने वरण कमी वाढायचे. त्यांनी काय करावं? तेवढ्यातलं आधी पापडावर ओतायचे, मग भातावर. कुरकुरीत पापडाचा लगदा!

गेल्या हिवाळ्यात भाऊजी गेले.

मोसंबीची सात झाडं उरली आहेत. पाळीची यादी अजून मीच लिहिते. पहिलं नाव सरूबाईचं असतं.