करंजाखालची आई

"बसा बसा, उठू नका."

रुद्रभूमीचं फाटक ढकलून आत शिरताना आक्का हे वाक्य म्हणायच्या. आत कुणीच नसायचं. गवत, घाणेरीची झुडपं, पन्नासेक दगड आणि वही घेऊन मागे उभा असलेला मी. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं वय झालं. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

मग त्यांनीच उलगडा केला. "आमच्यात मेलेल्या मान्साला निजवत न्हाईत, बसवत्यात. मांडी घालून. बसलेल्या मान्साम्होरं आपन गेलो की त्ये उठाया बघतंय. म्हून आधीच सांगायचं."

मी मुळशीतल्या एका लहान गावच्या ग्रामपंचायतीत लिपिक. गावात लिंगायत वाण्यांची सात-आठ घरं आणि रस्त्याला लागून त्यांची ही रुद्रभूमी, म्हणजे जुनी दफनभूमी. शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या वाढल्या, रस्ता रुंद करायचं ठरलं आणि त्याबरोबर दफनभूमीला भिंत घालायचंही ठरलं. ठराव असा, की ज्या समाधीचं नाव आणि तिची देखभाल करणारं माणूस वहीत येईल, ती भिंतीच्या आत घ्यायची, भिंत वाकडी झाली तरी चालेल. ज्याचं कुणी नाही तो नुसता दगड, तो रस्त्यात जाणार. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि माहिती सांगायचं आक्कांनी आपणहून घेतलं. सत्तरी ओलांडलेल्या आक्का या गावात जन्मल्या आणि गावातच दिल्या गेल्या. त्यामुळे सासर-माहेरची गेलेली सगळी माणसं एकाच आवारात. "मला म्हायेरी जायाला फाटकबी बदलाय लागत न्हाई," असं त्या हौसेनं सांगायच्या.

माझ्या छापील नमुन्यात लांबी आणि रुंदी असे दोन रकाने होते. माणूस म्हणजे सहा फूट, या हिशेबानं मी शेजारशेजारचे दोन चौकोन एकच समाधी म्हणून लिहून टाकले. आक्कांनी वहीत डोकावून कपाळाला हात लावला.

"भाऊसाब, दोन जावा एक केल्यासा. जित्तेपनी एका चुलीवर ऱ्हायल्या न्हाईत त्या."

नावामागे मी 'कै.' लिहिलं, तेही खोडायला लावलं. लिंगैक्य झालेल्या माणसाच्या नावामागे 'लिं.' लिहायचं असतं, हे मला सरकारी नोकरीच्या अठराव्या वर्षी कळलं. चार दिवसांत मी त्या गावच्या मेलेल्या माणसांविषयी जेवढं ऐकलं, तेवढं जित्यांविषयीही मला ठाऊक नव्हतं. कोण चहात गूळ घालायचा, कोण उधळ्या, कुणाचं घोरणं वेशीपर्यंत जायचं. आक्का सांगायच्या आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसायच्या. पहिल्या दिवशी त्या कामाला मी कंटाळत गेलो होतो आणि चौथ्या दिवशी नऊ वाजताच जाऊन फाटकाशी उभा राहिलो.

एक दगड मात्र त्यांनी शेवटी ठेवला होता. करंजाच्या झाडाखालचा, सगळ्यांत पांढरा. "ही माझी आई," त्या म्हणाल्या. आई गेली तेव्हा आक्का दीड वर्षाच्या. फोटो नाही, आठवण नाही. वडिलांनी एवढंच सांगितलं होतं, तुझी आई करंजाखाली हाय. चाळीस वर्षं दर तिथीला त्या इथं बेल, विभूती आणि नैवेद्य आणत आणि दगडाला चुन्याचा हात देत.

माझ्या नमुन्यात 'दगडावरील मजकूर' असाही एक रकाना होता. चुना इतका चढला होता की दगड नुसता खडूसारखा दिसत होता. आक्का घरी जाऊन उलथनं घेऊन आल्या. पोळपाटाला चिकटलेलं पीठ काढावं तसा हलक्या हातानं त्यांनी चुना खरवडला. अक्षरं वर आली. मी वाचलं, "लिं. सौ. पार्वतीबाई."

आक्कांनी उलथनं मागे घेतलं. त्यांच्या आईचं नाव गंगूबाई होतं.

"पार्वतीबाई म्हंजी शेजारनीची सासू," त्या म्हणाल्या. "मग माजी आई कुटं हाय?"

शेजारीण म्हणजे पलीकडच्या किराणा दुकानातल्या काकी. दोघींच्या घरांत एक भिंत आणि बावीस वर्षांचा अबोला. पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावरून सुरू झालेला, पुढे पन्हाळ बदलली तरी तसाच राहिलेला. आक्का रोज तिथे माझ्याबरोबर असत, म्हणून काकी नावं नोंदवायलाही आल्या नव्हत्या. आणि यादी सोमवारी द्यायची होती. त्या दिवशी शुक्रवार.

आक्कांनी विचार केला नाही. उलथनं हातात तसंच, तडक काकींच्या दुकानापुढे. मी मागोमाग. काकी पायरीवर तांदूळ निवडत होत्या.

"तुजी सासू माज्याकडं हाय," आक्का म्हणाल्या.

काकींनी मान वर केली. बावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य असं येईल याची त्यांना कल्पना नसावी. सूप बाजूला ठेवत त्यांनी विचारलं, "मग माज्याकडं कोन हाय?"

"चल, बगू."

वाटेत काकी सांगत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्यानंही तेच सांगितलं होतं, आई करंजाखाली हाय. पण स्वतः पहिल्यांदा दिवा घेऊन आल्या त्या अबोला सुरू झाल्यावर, आणि करंजाखाली आक्का दिवा लावत होत्या, तेव्हा तो दगड त्यांचाच असणार. रस्त्याकडेला दुसऱ्या करंजाचं खोड होतं, फार पूर्वी विजेच्या तारेसाठी तोडलेल्या झाडाचं. त्याच्याजवळ एक दगड. आपली सासू ती, असं काकींनी ठरवून टाकलं. विचारायला जायचं तर बोलावं लागलं असतं. तो दगड नेमका रस्ता घेणार त्या पट्ट्यात होता आणि माझ्या वहीत त्याच्यापुढे 'नाव नाही' लिहिलेलं होतं.

त्यावरही चुना होता. काकीही भक्तीत कमी नव्हत्या. उलथनं आता काकींनी घेतलं. खरवडता खरवडता 'गं' दिसला.

"वाचा," आक्का म्हणाल्या. मी वाचलं. "परत वाचा." परत वाचलं. तिसऱ्यांदा मला नीट वाचता येईना. आक्का दगडापुढे मांडी घालून बसल्या, आणि सत्तरीची ती बाई दगडावर हात फिरवत "आये, आये" एवढंच म्हणत राहिली. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वहीनं कुणाची आई शोधून दिली नव्हती.

मग डोळे पुसून आक्का काकींकडे वळल्या.

"तू हिला निवदाला काय ठेवायचीस?"

"पुरनपोळी. वर तूप."

"घरचं?"

"व्हय. इकतचं कशाला आनीन?"

"मग बरं," आक्का म्हणाल्या. "मी तुज्या सासूला तांदळाची भाकर आन् ठेचा ठेवायची."

"ठेचा? आगं, त्यांना तिखाट सोसत नव्हतं म्हनं. जलमभर पोटाचं दुखनं."

"चाळीस वर्सं एक शब्द बोलली न्हाई म्हातारी."

दोघी हसू लागल्या. रस्त्यावर एक मोटार थांबली, आतल्या माणसांनी काच खाली करून पाहिलं. स्मशानात दोन म्हाताऱ्या पोट धरून हसताहेत आणि कारकून चष्मा पुसतोय, याचा त्यांना काही अर्थ लागला नसणार.

भिंत त्या जागी बाहेर आली आहे, पोट आल्यासारखी. ठेकेदार कुरकुरला, पण वहीत नाव होतं. नंतर दोघींचं नवं भांडण सुरू झालं, गंगूबाईंचा नैवेद्य कुणी करायचा यावर. आक्का म्हणत, आई माझी. काकी म्हणत, जेवू मी घातलं. शेवटी दोघी दोन्हीकडे करू लागल्या आणि तिथीच्या दिवशी माझ्या टेबलावर चार पोळ्या येऊ लागल्या. ही माझ्या आयुष्यातली एकमेव वरकमाई.

गेल्या थंडीत आक्का दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. भिंतीच्या त्या पोटात, आईच्या शेजारी त्यांना बसवलं. पंधरा दिवसांनी काकी कार्यालयात आल्या. आक्कांचे मुलगे पुण्याकडे सूसला राहतात, येणं होत नाही, तेव्हा देखभाल करणारं माणूस म्हणून आपलं नाव घाला, म्हणाल्या. मी नाव लिहिलं.

"नातं?" मी विचारलं. रकानाच होता तसा.

काकींनी सांगायच्या आत मीच 'शेजारीण' लिहिलं. त्यांनी वही स्वतःकडे फिरवली, चष्मा लावला, बोट ठेवून वाचलं.

"आन् आमी दोगी बोलत होतो, त्ये कुटं लिवलंय?"

मी तेही लिहिलं.